‘जड खाऊ नका’ म्हणजे नक्की काय खाऊ नका? ट्रिशा ग्रीनहाल्श यांच्या डायबेटिसवरच्या पेपर्सचा रिव्ह्यू

लोक मिक्सरचा रिव्ह्यू टाकतात, मिसळीचा टाकतात, मी चक्क रिसर्च पेपरचा टाकतेय, हसायचं असेल तर हसून घ्या. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशिअर आहे, दिवसभर नोटा मोजते आणि संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंची शुगर मोजते. नऊ वर्षं झाली त्यांना डायबेटिस होऊन. त्यातली निदान पाच तरी आमच्या दोघींच्या भांडणात गेली असतील. भांडणाचा विषय एकच, फ्रिजवर चिकटवलेला डाएट चार्ट.

तो चार्ट आम्हाला इथल्याच एका हॉस्पिटलात मिळाला होता, नाव नको घ्यायला. तिथल्या मॅडमनी सात-आठ मिनिटं दिली असतील, झेरॉक्सवर दोन ठिकाणी पेनाने गोल केले आणि म्हणाल्या जड खाऊ नका, गोड बंद, व्यायाम करा, पुढचा पेशंट. चार्टमध्ये लिहिलेलं ‘भात 1 वाटी’. घरी आल्यावर आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) तीन वाट्या काढून माझ्यासमोर ठेवल्या, एक आमटीची, एक श्रीखंडाची बुटकी आणि एक जुनी पितळी, जिच्यात माझा अख्खा डबा मावेल, आणि म्हणाल्या यातली कुठली ते विचारून ये. मी काही विचारायला गेले नाही, आणि त्यांनी पितळी धरली.

माझी नणंद लंडनला ईस्ट हॅममध्ये राहते. एकदा फोनवर मी तिच्याकडे रडगाणं गायले की तुझी आई ऐकतच नाही, तर तिने दुसऱ्या दिवशी एक लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, वहिनी हे वाच, हे आमच्याच बाजूच्या बांगलादेशी लोकांवरचं आहे पण मला सारखी आपली आई दिसत होती. मी म्हटलं बघू, आणि नेहमीप्रमाणे तीन आठवडे बघितलंच नाही.

तर पेपर कुठला, 1998 साली बीएमजेमध्ये, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, ब्रिटनमधल्या बांगलादेशी लोकांच्या डायबेटिसबद्दल काय समजुती आहेत यावरचा. लिहिणारे तिघं, ट्रिशा ग्रीनहाल्श, सेसिल हेलमन आणि मुमिन चौधरी. ग्रीनहाल्शबाई फॅमिली डॉक्टर, तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये होत्या, आता ऑक्सफर्डला प्रोफेसर आहेत. हेलमन पण डॉक्टर, पण आजारपणाकडे कुठला समाज कसा बघतो याचा अभ्यास करणारे म्हणून जास्त माहीत. सगळा मिळून सहा पानांचा पेपर, फुकट वाचता येतो, एक पैसा लागत नाही, व्हॅल्यू फॉर मनी विचाराल तर इथेच पाच स्टार संपले.

पण वाचायला सोपा आहे का, तर नाही, सुरुवातीला मला घाम फुटला. पद्धत सांगणारा भाग तर मी दोनदा अर्ध्यात सोडला. गंमत म्हणजे रिसर्च पेपर वाचायचा कसा यावर ह्याच बाईंचं पुस्तक आहे आणि मेडिकलची पोरं ते वाचतात म्हणे, मग स्वतःचा पेपर जरा आमच्यासारख्यांना झेपेल असा लिहायला काय झालं होतं. त्याबद्दल अर्धा स्टार कापला. माझा सल्ला, आधी निष्कर्षांचा भाग वाचा, त्यात लोकांनी काय काय सांगितलं ते आहे, ते एकदम घरातल्यासारखं वाटतं, मग मागे या.

त्यांनी केलं काय तर डायबेटिस असलेली 40 बांगलादेशी माणसं घेतली आणि तुलनेला 10 बाकीचे, गोरे आणि आफ्रो-कॅरिबियन, त्यांनाही डायबेटिस होताच. आणि त्यांना प्रश्नपत्रिका नाही दिली, तर तुमच्या आजाराची गोष्ट सांगा म्हणाले. सिल्हेटीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत. हे मला पहिलं भावलं. आमच्या आईंना नऊ वर्षांत कुणी, मी धरून, तुम्हाला शुगर कशी झाली तुमच्या मते, असं विचारलेलं नव्हतं. सगळ्यांनी आकडा विचारला. उपाशीपोटी किती, जेवल्यावर किती.

मग त्या लोकांनी काय सांगितलं. साखर खाऊन होते, टेन्शनने होते, घराण्यात असते. इथपर्यंत ठीक, आपल्याकडचा रिक्षावालापण हेच सांगेल. पण पुढे खाण्याची त्यांची आख्खी वेगळी वर्गवारी निघाली. त्यांच्या डोक्यात कार्बोहायड्रेट, प्रोटीन असले कप्पे नाहीतच, दोनच गोष्टी बघायच्या, खाण्यात ताकद किती आणि पचायला कसं. साखर, मटण, बीफ, तूप-डालडासारखं घट्ट फॅट, मसाले, हे ताकदीचं. साधा भात वगैरे बिनताकदीचं, म्हणजे म्हाताऱ्यांना, लहान पोरांना, आजाऱ्याला बरं. भाजलेलं, भट्टीतलं पचायला जड, जमिनीखाली उगवणाऱ्या भाज्या पचायला जड. आणि शुगर कशी सांभाळायची तर शरीरात काय जातं आणि शरीरातून काय बाहेर पडतं, घाम, लघवी, पाळी, याचा तोल सांभाळायचा.

आता विचार करा अशा माणसाला तुम्ही सांगितलं की बाबा तळू नका, भाजून खा, तर त्याच्या कानात काय गेलं असेल? एक तर जड खा, आणि वर ताकद सोडा. तो मान हलवेल आणि घरी जाऊन आपलं आपलं करेल. आणि डॉक्टर म्हणणार पेशंट ऐकत नाही.

व्यायामाचंही तेच. फिट राहायला म्हणून मुद्दाम व्यायाम ही कल्पनाच त्यांच्यात फारशी नाही, उलट आजारी माणसाने धावपळ केली तर अशक्तपणा वाढेल ही भीती. पण नमाजात उठणं-वाकणं होतं ते चांगलं असं बरेच जण म्हणाले. इथे मी खुर्चीत सरळ बसले. कारण आमच्याकडे व्यायाम हा शब्दच तालमीतला आहे, जोर-बैठका आणि लाल माती, खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात तुम्ही पासष्ट वर्षांच्या बाईला व्यायाम करा म्हणालात तर ती तुमच्याकडे बघत बसणार. आई ‘व्यायाम’ करत नाहीत. पण आषाढीच्या आधी माऊलींची पालखी आली की ह्याच आई लोणंदपासून तरडगाव आणि पुढे फलटणपर्यंत चालत जातात, पायाला पट्टी बांधून, आणि परत आल्यावर कौतुक केलं तर म्हणतात ते मी कुठं चालले, माऊलीनं नेलं. आता ह्याला चार्टमध्ये कुठल्या रकान्यात टाकणार सांगा.

बरं, मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांनी वापरलेल्या दोन युक्त्या. एक, ढीग लावायला सांगणं. खाण्याच्या वस्तू समोर ठेवायच्या आणि सांगायचं तुम्हाला वाटतील तसे गट करा. दुसरी, गोष्ट रचून सांगणं, म्हणजे मुलाखतींतून आपल्याला जे कळलंय त्यावरून एक खोटं माणूस तयार करायचं आणि त्याची गोष्ट लोकांना वाचून दाखवायची, की असं असं एक माणूस आहे, तुम्हाला पटतं का हा असा वागेल, काय चुकतंय का आमचं. म्हणजे आपण जे समजलो ते बरोबर आहे का हे त्याच लोकांकडून तपासून घ्यायचं. किती साधी आणि किती सभ्य गोष्ट आहे ही. आमच्या पतसंस्थेत ऑडिटवाले येतात ते पण एवढं विचारत नाहीत.

मी हे घरी करून बघितलं. रविवारी दुपारी ओट्यावरचे डबे खाली फरशीवर मांडले आणि म्हटलं आई, ह्याचे दोन ढीग करा, हलकं एकीकडे, जड एकीकडे. आधी म्हणाल्या तुला काय कामं नाहीत का. मग पदर खोचून बसल्या. ज्वारी हलकं. तांदूळ हलकं. बटाटा जड, वातूळ. हरभराडाळ जड. रताळं हातात धरून जरा विचार केला आणि जडात टाकलं. शेंगदाणे दोन्हीकडे नाहीत, त्यांनी त्यांचा तिसराच ढीग केला, पित्त. गूळही दोन्हीकडे नाही, तो त्यांनी मांडीजवळ ठेवला, हे ताकदीचं, ह्याला जड-हलकं नसतं. आणि मग साबुदाण्याचा डबा उचलला आणि एकदम सहज, बघायचीही गरज नाही अशा थाटात, हलक्यात सरकवला.

मी म्हटलं साबुदाणा हलका?

अगं म्हणजे काय, उपासाला चालतो, आजाऱ्याला आपण खीर देतो की साबुदाण्याची, बाळंतिणीला देतो, जड असता तर दिला असता का? आणि मग पुढचं वाक्य, त्या बाईंनी सांगितलंय ना जड खाऊ नका, म्हणून तर मी रात्री भाकरी सोडून वाटीभर खिचडीच खाते, तू बँकेतनं दमून येतीस, तुला कशाला त्रास.

मला हे माहीत होतं का, तर होतंही आणि नव्हतंही. खिचडी होते एवढं दिसायचं, मला वाटायचं सोमवार असेल, गुरुवार असेल, चतुर्थी असेल, आईंचे उपास मोजायला वेगळं कॅलेंडर लागतं. रोज रात्री, आणि ती डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, हे मला त्या फरशीवर बसल्यावर कळलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शुगर कशी चढते ते वेगळं सांगायला नको. आणि वाटी कुठली, तर पितळी! म्हणजे ही बाई इतकी वर्षं चार्ट अगदी इमानदारीत पाळत होती आणि मी इतकी वर्षं तिला ऐकत नाही म्हणून बोलत होते. हॉस्पिटलातल्या मॅडम जड म्हणजे तेल-तूप समजत होत्या, आई जड म्हणजे पोटात गुडगुडणारं समजत होत्या, आणि मी, जाऊ दे.

(जाता जाता, आईंचं अजून एक पालुपद, मी कुठं जाड आहे मला शुगर व्हायला. ह्यावर आपल्या पुण्यातल्याच माणसाचं काम आहे, केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. 2004 साली लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिनचा शेजारी उभे असलेला फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच 22.3, पण अंगातली चरबी युडकिनच्या 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. तो फोटो मी आईंना मोबाईलवर दाखवला, आई म्हणाल्या हा आपला बरा दिसतोय की.)

आता एक इशारा, आणि तो महत्त्वाचा आहे. हा पेपर वाचून त्यातली उत्तरं आपल्याकडे आणून चिकटवू नका. सिल्हेटी लोकांना भाजलेलं जड वाटतं, आमच्याकडे बरोब्बर उलटं आहे! भाजलं की हलकं झालं. रवा भाजून, तांदूळ भाजून, पापड भाजून, लाह्या, भाजणी, तापातून उठलेल्याला भाजलेल्या तांदळाची पेज, सगळा आमचा हलकेपणा भाजण्यात. जमिनीखालच्या भाज्या मात्र जुळल्या, आईंनी बटाटा आणि रताळं दोन्ही जडात टाकलं होतं. पण साबुदाणापण कंदाचाच असतो हे सांगितल्यावर आईंनी मला अशिक्षित असल्यासारखं बघितलं. तर उचलायची ती पद्धत, विचारायची. पेपरमध्येही शेवटी हेच म्हटलंय, की लोकांची संस्कृती म्हणजे एकसंध, न बदलणारा दगड नव्हे, आणि ज्या समजुती तब्येतीला फायद्याच्या आहेत तिथूनच शिकवायला सुरुवात करा. म्हणजे सगळंच अडाणीपणा म्हणून झाडून टाकू नका. हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर लावायला पाहिजे, तिथे सध्या ‘चपला बाहेर काढा’ लावलेलं असतं.

दुसरा पेपर 2005 चा, तोही बीएमजेतच, हा जरा वेगळा आहे. ह्यात इंग्रजी न येणाऱ्या लोकांना डायबेटिस शिकवायचा कसा हा प्रश्न आहे. तिकडच्या सरकारी दवाखान्यांत दोन्ही भाषा येणाऱ्या आरोग्यसेविका असतात, पेशंटच्याच समाजातल्या. त्यांना हाताशी धरून गोष्टींचे गट चालवले. लेक्चर नाही, स्लाईड नाही, कुणीतरी आपला किस्सा सांगायचा आणि त्यातून विषय निघेल तो बोलायचा. वाचताना मला आमच्या आईंचं भजनी मंडळ आठवलं. अकरा बायका, त्यातल्या सहा शुगरवाल्या, भजन पाऊण तास आणि मग दीड तास गोळी कुठली, पायाला मुंग्या येतात का, कारल्याचा रस घेऊन कुणाला कशी चक्कर आली. मी आजवर ह्याला वेळ घालवणं म्हणत होते.

आणि मग 2011 ची ट्रायल, म्हणजे नुसतं छान वाटतंय का खरंच फरक पडतो ते तपासणं. एका बाजूला नर्सने घेतलेला नेहमीचा क्लास, दुसऱ्या बाजूला गोष्टींचा गट, 157 लोक. इथे बाईंना पूर्ण मार्क प्रामाणिकपणाचे, कारण निकाल असा आला की एचबीए1सीमध्ये (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) वगैरे दोन्हींत सांगण्यासारखा फरक नाही. हे त्यांनी लपवलं नाही, सरळ लिहिलं. फरक कशात पडला, तर येण्यात. गोष्टींच्या गटाला हजेरी 79 टक्के, क्लासला 35. आणि आपला आजार आपण सांभाळू शकतो हा भरवसा गोष्टीवाल्यांत जास्त.

ह्यावर नणंदेशी माझा वाद झाला. ती म्हणाली शुगर कमी झाली नाही म्हणजे उपयोग काय. मी म्हटलं बाई, ज्या क्लासला शंभरातले पासष्ट येतच नाहीत तो क्लास चांगला असून करायचं काय. ती म्हणाली आकडा तो आकडा. तिचंही खरं आहे. लेस्टरवाल्यांचा डेसमंड म्हणून मोठा प्रोग्राम आहे, नव्याने डायबेटिस कळलेल्यांना सहा तासांचं शिक्षण, 824 लोकांवर तपासलेला, 2008 साली छापून आलेला, त्यातसुद्धा वर्षाने वजन जास्त उतरलं, सिगारेटी सुटल्या, पण एचबीए1सीमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे शिकवल्याने शुगर लगेच उतरते असं कुणी सांगत असेल तर जरा सांभाळून, खास करून ते जे तीन महिन्यांत डायबेटिसमुक्त करून देतात आणि हप्त्यांत पैसे घेतात.

अजून एक कुरकुर आहे माझी. 1998 च्या पेपरमधल्या मुलाखती पेशंटच्या आहेत. ठीक आहे, आजार त्यांचा. पण साबुदाणा भिजवतं कोण? आमच्या घरात आई स्वतः भिजवतात म्हणून, नाहीतर बहुतेक घरांत पेशंट एक आणि कढईसमोर दुसरीच. त्या दुसरीला, म्हणजे माझ्यासारखीला, जड काय आणि हलकं काय वाटतं हे कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. माझे ढीग मी नंतर लावून बघितले, मी ब्राऊन ब्रेड हलक्यात टाकला होता, तर मीही काय फार शहाणी निघाले नाही.

कुणी वाचावं, तर घरात शुगरचं माणूस आहे आणि त्याच्याशी रोज खटके उडतात त्यांनी 1998 चा नक्की. 2005 चा, गट-बिट चालवणाऱ्यांनी, आशाताई, भिशीवाल्या, भजनवाल्या. 2011 चा निकालाचा परिच्छेद वाचला तरी पुरे. डाएट मिळेल, रेसिपी मिळेल ह्या आशेने कुणी वाचू नका, एकही नाही. माझ्याकडून पाचपैकी चार, अर्धा अवघड भाषेचा आणि अर्धा मला विचारलं नाही म्हणून.

आईंचं विचाराल तर रात्री पुन्हा ज्वारीची भाकरी सुरू आहे, आमटीची वाटी ठरलीय, साबुदाणा एकादशीपुरता. एचबीए1सी 8.6 होतं ते 8.1 आलं, पण मध्ये डॉक्टरांनी गोळीही बदललीय, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी सांगू शकत नाही, नणंदेलाही तेच सांगितलं. चार्ट फ्रिजवरून काढला, मागची बाजू कोरी होती, आता त्यावर दुधाचा हिशोब आहे.

परवा आईंनी विचारलं, तू त्या मोबाईलवर वाचतीस ती लंडनची डॉक्टरीण काय म्हणते गं? मी सगळं सांगितलं, ताकद, तोल, नमाज, जमिनीखालच्या भाज्या. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्याऐवजी गॅसच्या जाळीवर टाकत त्या ऐकत होत्या. भाजलेलं जड असतं असं तिकडचे लोक म्हणतात म्हटल्यावर भाकरी फुगायची वाट बघता बघता म्हणाल्या, तिला कळव, कच्चं राहत असेल त्यांचं.